लिंबूटिंबूवर राज्य नसतं

आमच्या वाड्यात डबा ऐसपैस खेळायला तीन गोष्टी लागायच्या. डालड्याचा रिकामा डबा, दिवेलागणीच्या आधीचा तासभर, आणि भांडण झालंच तर निवाडा करायला कुणीतरी मोठं माणूस. पहिल्या दोन मिळायच्या. तिसरी गोष्ट बहुधा ओसरीवर घोरत पडलेली असायची.

राज्य कुणावर हे ठरवायला आधी चकायचं. तिघांनी हात पुढे करायचे, तळवे एकदम उताणे नाहीतर पालथे. ज्याचा तळवा इतर दोघांपेक्षा वेगळा, तो सुटला. शेवटपर्यंत जो सुटत नाही, त्याच्यावर राज्य. मग कुणीतरी डबा लांब भिरकावायचा आणि राज्य असलेला तो आणून तुळशीवृंदावनापाशी ठेवीपर्यंत बाकीच्यांनी लपायचं. दिसलेल्याचं नाव घेऊन डब्यावर पाय ठेवला की तो बाद. पण एखाद्या न सापडलेल्यानं येऊन डब्याला लाथ मारली, तर बाद झालेले सगळे पुन्हा जिवंत, आणि राज्य परत ज्याच्यावर होतं त्याच्यावरच.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ‘त्यालाही घ्या गं’ हा आईचा हुकूम, म्हणून तो लिंबूटिंबू. काही घरांत कच्चा लिंबू म्हणतात. त्यानं धावायचं, लपायचं, ओरडायचं, सगळं करायचं. पण सापडला तरी तो बाद धरायचा नाही आणि त्याच्यावर राज्य कधीच येणार नाही.

एका मे महिन्यातली संध्याकाळ मला अजून दिसते. राज्य मोठ्या चुलतभावावर, म्हणजे दादावर. त्यानं आम्हा सात जणांना टिपलेलं. आम्ही ओट्यावर ओळीनं बसलेलो. बाहेर उरलेले दोघं धान्याच्या गोण्यांमागे घामाघूम होऊन डब्यापर्यंतची पावलं मोजत होते. दादाची नजर गोण्यांवर. तेवढ्यात धाकटा एका हातानं चड्डी सावरत, दुसऱ्या हातात अर्धी कुरडई घेऊन अंगणाच्या ऐन मधून चालत आला. दादानं त्याला पाहिलं आणि पुन्हा गोण्यांकडे वळला. लिंबूटिंबूकडे काय बघायचं! धाकट्यानं कुरडईचा एक घास घेतला आणि डब्याला लाथ घातली. डबा खडखडत मोरीपर्यंत गेला. आम्ही सातही जण पळालो.

त्यानंतरचं भांडण दिवे लागेपर्यंत चाललं. दादाचं म्हणणं, त्याचं धरायचं नाही. आमचं म्हणणं, त्याचं बाद होणं धरायचं नाही, लाथ धरायची. निकाल लागला नाही. शुभंकरोतीला बोलावणं आलं.

नाशिकरोडला घरीच मी नववी-दहावीच्या गणिताचे क्लास घेते. बावीस वर्षं झाली. जेवणाच्या टेबलाभोवती सहा जण आणि सतरंजीवर चार. या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘मॅडम, सुटत नाहीये’. हे क्रियापद आपल्या भाषेनं भलतंच कामाला लावलंय. गाठ सुटते, गाडी सुटते, शाळा सुटते, वारा सुटतो, आणि गणितही सुटतं. अर्थात घामही सुटतो आणि धीरही. माझ्या सतरंजीवर साधारण हाच क्रम असतो. आधी घाम, मग धीर, आणि गणित जागच्या जागी.

सुटणं म्हणजे मोकळं होणं. गाठ सोडवताना आजी हात धरायची, ‘ओढू नकोस, आधी सैल कर.’ ओढलेली गाठ आणखी घट्ट बसते हे पाच वर्षांच्या पोरीलाही कळतं, पण दहावीच्या वर्षी ते विसरायला लावण्याची आपली सगळी व्यवस्था चोख आहे.

यावर उपाय म्हणून बाजारात ‘हसतखेळत गणित’ मिळतं. मुखपृष्ठावर डोळा मारणारं पाचाचं अंकचित्र, आत तीच उदाहरणं. मला या पुस्तकांची चीड आहे. गूळ लावला म्हणून कडू गोळी खेळ होत नाही. आणि खेळणारी मुलं हसत असतात हे कुणी सांगितलं? गोट्या खेळणाऱ्या पोरांचे चेहरे बघा, न्यायाधीश बरे. खेळात गांभीर्य असतंच. नसतो तो हिशेब, चुकलं तर काय होईल याचा. चुकलं तर राज्य येतं, खेळ चालू राहतो. आणि लिंबूटिंबू असाल तर राज्यही येत नाही.

दोनेक वर्षांपूर्वी एक उदाहरण घातलं होतं. दोन अंकी संख्या आणि तिच्या अंकांची अदलाबदल करून मिळणारी संख्या यांची बेरीज १४३. एकक स्थानचा अंक दशक स्थानच्या अंकापेक्षा ३ ने मोठा. तर मूळ संख्या कोणती? दहावीच्या पोरांना हे जड जायचं कारण नाही, पण जातं.

टेबलाशी आमचा पहिल्या नंबराचा मुलगा बसला होता. पेन्सिलीला टोक, समासाची रेघ पट्टीनं मारलेली, तारीख घातलेली. त्यानं दशक स्थानचा अंक x मानला, एकक स्थानचा y, इथवर ठीक. मग संख्या लिहिली xy, उलटी संख्या yx. दोघांची बेरीज 2xy. म्हणजे 2xy बरोबर १४३. पाच मिनिटं तो त्या ओळीकडे टक लावून बसला. कानाच्या पाळ्या लाल. शेवटी म्हणाला, “मॅडम, डावी बाजू सम आहे आणि १४३ विषम. गणितच चुकीचं छापलंय.” तर्क बिनतोड होता. चूक दोन ओळी वर होती, xy म्हणजे दोन अंकांचा गुणाकार, संख्या नव्हे. आणि वर बघायला तो तयार नव्हता, कारण त्या ओळी त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या.

फ्रिजला टेकून एक मुलगी बसायची. चाचणीत बारा-तेराच्या वर कधी गेली नाही. ‘हिला गणितात गती नाही’ हे घरानं, शाळेनं आणि हळूहळू मीसुद्धा धरून चाललेलं. तिच्याकडून कुणाला अपेक्षा नव्हती, त्यामुळे तिच्याकडे लक्षही नव्हतं. ती वहीच्या मागच्या पानावर काहीतरी करत होती. मागचं पान म्हणजे फुलीगोळा, मैत्रिणीच्या नावाची वळणदार सही, मेंदीचा कोपरा. त्या गर्दीत तिनं लिहिलं होतं: १२ आणि २१, ३३. ३४ आणि ४३, ७७. २९ आणि ९२, १२१.

“मॅडम, हे सगळं अकराच्याच पाढ्यात का येतं?”

मी म्हटलं, “येतंच का नेहमी? बघ.” तिनं आणखी चार जोड्या करून पाहिल्या. येत होतं. मग तिनं १४३ ला ११ नं भागलं, १३ आले. तेरा म्हणजे काय, असं पुटपुटत ती वरच्या जोड्यांकडे गेली. ३३ मध्ये ३, एक आणि दोन. ७७ मध्ये ७, तीन आणि चार. “अय्या, अंकांची बेरीज आहे ही!” बेरीज १३, फरक ३, म्हणजे ८ आणि ५. संख्या ५८. तिनं x, y कुणालाच बोलावलं नव्हतं.

इथे मला स्वतःबद्दल फार बरं लिहिता येत नाही. मी तिला शाबासकी दिली आणि लगेच म्हटलं, “आता रीतीनं लिही, नाहीतर मार्क जातील.” तिनं मान डोलावली, पुढचं पान उघडलं, समास आखला, आणि तिथे तिला काहीच सुचेना. मगाशी जिनं शोध लावला ती मुलगी मागच्या पानावरच राहिली होती.

आमच्या घरापासून देवळाली रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथल्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. जन्म १९०५ चा, डहाणूचा. आई आठव्या वर्षी गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद, त्यामुळे आकडेमोड घरातच. शिक्षण ठाण्याला, मग फर्ग्युसनमध्ये. तिथे असताना १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पुढे संशोधनाची पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. उभी हयात मागच्या पानावर.

त्यांचा एक खेळ मी रस्त्यात करते. परवा सिन्नर फाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकले होते. पुढच्या ट्रकचा नंबर २७१९. अंक उतरत्या क्रमानं लावायचे, मग चढत्या, आणि वजाबाकी करायची. ९७२१ वजा १२७९, आले ८४४२. पुन्हा तेच, ८४४२ वजा २४४८, ५९९४. मग ९९५४ वजा ४५९९, ५३५५. मग ५५५३ वजा ३५५५, १९९८. इथवर येईतो रिक्षावाले दादा आरशातून माझ्याकडे बघायला लागले होते. ९९८१ वजा १८९९, ८०८२. ८८२० वजा ०२८८, ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता पुढे? ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. इथून पुढे हलायचं नाव नाही. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत इथेच येऊन बसते. ट्रकनं मला पुरेपूर सात पायऱ्या चढायला लावल्या, ट्रॅफिक तरी सुटला नव्हता.

कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. ते दुसऱ्या कुणाला का दिसलं नसावं? वजाबाकी तर तिसरीतला मुलगाही करतो. मला वाटतं, वजाबाकी पुन्हा पुन्हा करत राहायला, ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न खिशातून काढून ठेवावा लागतो. ज्याला पुढच्या बढतीसाठी काहीतरी भारदस्त सिद्ध करायचं आहे, त्याच्या खिशातून तो निघत नाही. कापरेकर तर म्हणत, दारुड्याला जसं त्या धुंदीतच राहायचं असतं तसं आपलं अंकांच्या बाबतीत आहे. एका शाळामास्तरानं स्वतःबद्दल असं म्हणावं हे मला फार आवडतं.

त्यांनी संख्यांना नावंही खेळगड्यांसारखी ठेवली. स्वतःत स्वतःचे अंक मिळवत जायचं: २१, त्यात २ आणि १ मिळवून २४, त्यात २ आणि ४ मिळवून ३०. अशी बहुतेकींना कुणीतरी आई असते. पण २० ला नाही. कुठल्याच संख्येपासून २० तयार होत नाही. म्हणून ती स्वयंभू. अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जाणारी ती हर्षद. आणि १२१, १२३२१ या घराण्यातल्या संख्यांना नाव डेमलो, कारण त्यांचा अभ्यास करायचं डोक्यात आलं ते डोंबिवली स्टेशनवर, आणि त्या स्टेशनचं तेव्हाचं नाव डेमलो. डोंबिवली स्टेशनवर आपल्याला फार तर चौथी सीट सुचते.

आता इथे गोष्ट गोड करून संपवायचा मोह होतो, पण ती तशी नाही. जाणकार गणितज्ञांनी बरीच वर्षं कापरेकरांना लिंबूटिंबू धरलं. हे कसलं गणित, ही गंमत. त्यांचे लेख किरकोळ नियतकालिकांत येत किंवा ते स्वतःच छापत. परिषदांना पदरमोड करून जात. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या गणिताच्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला देवळाली कळली. कापरेकर तोवर सत्तरीचे होते. १९६६ साली पत्नी गेली, पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. म्हणजे हा माणूसही कधीतरी एखाद्या ढ पोराला ‘रीत लिही’ म्हणाला असेल. लिंबूटिंबूला कुणी बाद करत नाही हे खरं, पण त्याची लाथही धरत नाहीत. दोन्ही एकाच नियमाची कलमं आहेत.

भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनला हवेत फिरणाऱ्या बशीवरून खेळता खेळता गणित सुचलं, ती गोष्ट इथे यायला हवी होती, पण ती आता इतक्यांनी इतक्या वेळा फिरवली आहे की मी तिला विश्रांती देते. त्यापेक्षा मेणबत्तीची सांगते. कार्ल डंकर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं हे कोडं इंग्रजीत १९४५ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापून आलं. टेबलावर एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली डबी. मेणबत्ती भिंतीवरच्या फळ्याला अशी लावायची की मेण खाली टेबलावर सांडू नये. लोक मेणबत्तीलाच टाचण्या टोचून बघतात, मेण वितळवून चिकटवून बघतात. उत्तर असं, की डबी रिकामी करायची, ती टाचण्यांनी फळ्यावर ठोकायची आणि मेणबत्ती तिच्यात उभी करायची. अडतं कुठे, तर डबी ही टाचण्या ठेवायची वस्तू आहे, हे डोक्यातून जात नाही.

१९६२ साली सॅम ग्लक्सबर्ग यांनी यावर बक्षीस लावलं. लवकर सोडवणाऱ्याला रोख पैसे. बक्षिसासाठी बसलेल्यांना बिनबक्षिसवाल्यांपेक्षा सरासरी सुमारे साडेतीन मिनिटं जास्त लागली! डोळ्यांवर पैशांची झापडं. पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग लोक सोयीनं विसरतात. टाचण्या आधीच डबीबाहेर काढून ठेवल्या, म्हणजे कोडं सोपं केलं, तेव्हा बक्षीसवाले जास्त भराभर सुटले. परीक्षेच्या धास्तीनं आमच्या पहिल्या नंबराच्या मुलाची पाठ झालेली गणितं खरंच वेगानं होतात, ती याच कारणानं. धाक वाईटच असं नाही. डबी रिकामी असेल तर धाक चालतो.

पुढे १९८७ साली ॲलिस आयसेन आणि सहकाऱ्यांनी तेच कोडं द्यायच्या आधी काहींना विनोदी फिल्मचा तुकडा दाखवला, काहींना रुक्ष. हसून आलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना उत्तर सापडलं. रुक्ष फिल्मवाल्यांत पाचांत एकाला. कॉलेजातल्या पोरांवर केलेल्या एका प्रयोगाच्या खुंटीवर मी सगळं जग टांगणार नाही. पण शाळा सुटल्यावर, पेपर सुटल्यावर, कडुलिंबाखाली सायकलचं कुलूप काढताना अडलेलं गणित झटकन सुटल्याचा अनुभव नसलेला मनुष्य मला दाखवा. माझ्या बारावीच्या पेपरातलं सहा मार्कांचं एक गणित मला बस स्टॉपवर सुटलं होतं. मी खिडकीशी बसून रडले होते, तो भाग वेगळा.

तर मी दर शनिवारी शेवटचा अर्धा तास काढून ठेवला. नियम दोन. वह्या मागच्या पानावरच उघडायच्या, आणि कुणी बाद नाही. मी लाल पेन हातात घेत नाही. मी कठीणातलं कठीण कोडं टाकते आणि चहा करायला जाते. पहिल्या महिन्यात पोरांनी त्या अर्ध्या तासात फक्त फुलीगोळा खेळला. मग एकानं विचारलं, की दोघंही चुकले नाहीत तर फुलीगोळ्यात कुणी जिंकू शकतं का. तो वाद तीन शनिवार चालला. पहिल्या नंबराच्या मुलानं मात्र एकदा सरळ विचारलं, “मॅडम, हे पेपरात येणार का?” मी म्हटलं, नाही. तो प्रामाणिकपणे पुढच्या पानाकडे वळला. त्याला दोष देत नाही मी. त्याच्या वडिलांनी त्याच्या बारावीनंतरच्या सगळ्या पायऱ्या आजच मोजून ठेवल्या आहेत. त्याच्यावर कायमचं राज्य आहे.

आणि फ्रिजजवळच्या मुलीवर नव्हतं असंही नाही. तिची आई डबे करायची, पहाटे चाळीस पोळ्या लाटून मुलगी शाळेला यायची. फी वेळेवर देण्यासाठी घरात काय काय होत असेल याची मला कल्पना होती. ज्याच्या पोटाशी प्रश्न आलाय त्याला ‘त्याच्याशी जरा खेळून बघ’ असं सांगायची माझी जीभ होत नाही. तिच्याकडे मोकळी जागा होती ती एवढीच, वहीचं एक पान. ऐसपैस म्हणजे मोकळंढाकळं, हा अर्थ वाड्यात खेळताना कधी मनात आला नव्हता. दहावीला तिला गणितात एकावन्न पडले. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त, तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी.

वाडा आता नावापुरता उरलाय. त्याचा दावा नऊ वर्षं कोर्टात आहे, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. पण गेल्या दिवाळीनंतर आतल्या सामानाचा प्रश्न आला. तांब्याचं घंगाळ, पितळी समया, आजीचं फडताळ आणि कड्यांचा शिसवी झोपाळा. आम्ही पाच चुलत-सख्खी भावंडं. दादानं यादी करून आणली होती, प्रत्येक वस्तूपुढे किंमत. दुसऱ्यानं आपली यादी आणली होती, तिच्यात किमती वेगळ्या. तीन बैठका झाल्या. तिन्ही वेळा चहावर साय धरली आणि दादा चपला घालून निघून गेला. झोपाळा कुणाचा, यावर चाळीस वर्षांपूर्वीच्या कोणकोणत्या गोष्टी निघाल्या ते सांगायची सोय नाही.

चौथ्या बैठकीला धाकटा पुण्याहून आला. चव्वेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, डोक्यावर जेमतेम केस. तासभर त्यानं दोन्ही याद्या ऐकल्या, मधे चिवडा संपवला. मग हात पँटला पुसत म्हणाला, “चकू या ना.”

कुणी काही बोललं नाही. मग वहिनी फसकन हसली. दादा म्हणाला, “काहीतरीच.” पण म्हणताना तो उठला होता. आम्ही अंगणात आलो. तुळशीवृंदावन अजून आहे, तुळस नाही. दादाच्या गुडघ्याला पट्टा, माझा खांदा धरलेला. आधी तिघं, मग सुटलेल्याच्या जागी चौथा. हात पुढे झाले, तळवे एकदम उलटले. कुणीतरी हात उशिरा उलटवला म्हणून आरडाओरडा, पुन्हा पहिल्यापासून. समोरच्या गॅलरीतून दोन पोरं मोबाइल बाजूला ठेवून बघायला लागली.

पहिल्यांदा सुटला धाकटा. म्हणजे पहिली निवड त्याची. त्यानं झोपाळा म्हटलं.

“त्याचं धरायचं नाही,” दादा म्हणाला, “तो लिंबूटिंबू आहे.”

धाकटा तोवर स्टुलावर चढून पहिली कडी काढत होता.